टी. वाय. साने

"टी. वाय. साने! टी. वाय. साने जिथं असतील तिथून त्यांनी ताबडतोब कंट्रोलला यावं! कॉलेजची मंडळी न्यायला आलेली आहेत!"

एकतीस वर्षं झाली, तो आवाज माझ्या कानातनं गेलेला नाही. आमच्या एस.टी. स्टँडच्या भोंग्याला बाराही महिने सर्दी. त्यातून माणसाचं नाव निघालं की ते आधी वरच्या पत्र्यावर आपटायचं, मग खाली फलाटावर पडायचं, आणि ज्याचं त्यालाही ओळखू यायचं नाही. कंट्रोल म्हणजे गाड्या लावणाऱ्या साहेबांची जाळीची खिडकी. त्या जाळीला कपाळ टेकून मी उभी होते.

"काका, आणखी एकदा सांगा की."

"पोरी, चार बाऱ्या झाल्या. म्हसवड गाडीसुद्धा मी दोनदाच सांगतो."

माझ्या शेजारी घोलप भाऊसाहेब. आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क. त्यांनी खडूच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर झोकदार अक्षरात लिहून आणलं होतं: 'मा. टी. वाय. साने, पुणे'. तो पुठ्ठा छातीशी धरून ते असे उभे होते, की नवऱ्यामुलाची वाट बघणारा वधुपितासुद्धा इतका ताठ उभा राहणार नाही.

"येतील, ढोबळेबाई, येतील," ते म्हणाले. "निरोप पक्का आहे. मी सोता घेतलाय फोनवर."

स्टँडवरच्या घड्याळात अडीच वाजत आले होते. चार वाजता नेहमीच्या कपातीत वीज जाणार होती. आणि चार वाजता धोंडाबाई खरात दुसऱ्यांदा मरणार होती, माझ्या हातानं.

हे सकाळपासून सांगायला हवं.

माणदेशातल्या तालुक्याच्या गावचं आमचं कॉलेज. तिथं काळगावकर सरांनी बायकांच्या ओव्या गोळा करायचं काम काढलं होतं. त्या कामासाठी कुठून कुठून खटपट करून त्यांनी युनिक्सवर चालणारं एक कॉम्प्युटरचं मशीन आणलं. लोखंडी कपाटाएवढं ते धूड काचेच्या खोलीत गारव्याला बसायचं, आणि बाहेर आमच्या टेबलांवर त्याची चार टर्मिनलं. म्हणजे एक पडदा, एक कीबोर्ड आणि मागून निघालेली एक वायर. टर्मिनलला स्वतःचं डोकं नसतं. ते नुसतं तोंड आणि डोळे. डोकं काचेच्या खोलीत. पण पडद्यावर मराठी अक्षरं उमटायची. तेवीस वर्षांची होते मी. पहिल्यांदा 'आई' हा शब्द हिरव्या उजेडात उमटलेला बघितला तेव्हा मी खुर्चीतनं उठून उभी राहिले होते.

माझं काम टाईप करायचं. सर गावोगाव जाऊन कॅसेट भरून आणायचे, मी ती ऐकून ओव्या उतरवायच्या. कॅसेटी मोजून सहा. म्हणून आमच्याकडं एक रीत पडली होती. मी "झालं" म्हटलं की सर ती कॅसेट पिशवीत टाकायचे आणि पुढच्या गावाला तिच्यावरच दुसऱ्या बाईचा गळा भरून आणायचे. "झालं" या शब्दावर सगळा कारभार.

धोंडाबाई लेंगरवस्तीची. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. दातांची नुसती आठवण उरली होती, पण गळा असा की ऐकणाऱ्यानं हातातलं खाली ठेवावं. तिच्या ओव्या जात्यावरच्या नव्हत्या. ती म्हणायची, "जातं हाय कुणाजवळ? मी माळावर चालता चालता केल्यात." दोन तास गायली. आणि त्यानंतर अकराव्या दिवशी तिच्या लेकीचा निरोप आला, की आई गेली.

त्या गुरुवारी सकाळी साडेसात वाजल्यापासून मी तिची कॅसेट उतरवत होते. एक्केचाळीस ओव्या. बाराला सर जीपजवळनं ओरडले, "वैजू, धोंडाबाई झाली का?"

"झाली, सर!"

सर आले, कॅसेट घेऊन गेले. जीप फुफाटा उडवत दिसेनाशी झाली.

टाईप झालं होतं, खरं आहे. मशीनमध्ये साठवलं मात्र नव्हतं. साठवायचं तर फाईलला नाव द्यावं लागतं, आणि धोंडाबाईला काय नाव द्यावं हे माझं ठरत नव्हतं. आधीच्या बायकांची नावं कशी दिलीत ते बघावं, म्हणून मी लिहायचा प्रोग्रॅम तसाच बाजूला ठेवला. युनिक्समध्ये तसं करता येतं. हातातलं विणकाम मांडीवर ठेवून दार उघडायला जावं, तसं. आणि नावांची यादी उघडायची ती एका अक्षराची चूक होऊन मी भलतीच फाईल पडद्यावर ओतली. माणसानं वाचायची नव्हेच ती. मशीनची आपली आतली.

टर्मिनल किंचाळायला लागलं. टीं, टीं, टीं, टीं. पडद्यावरून चौकटी, फुल्या, फाटकी वेलबुट्टी धावत सुटली, आणि थांबली तेव्हा एक अक्षर म्हणून जागेवर राहिलं नव्हतं. मी कीबोर्ड दाबला. काही उमटेना. एंटर दाबलं. ठिपकासुद्धा हलेना. पुन्हा दाबलं, दहा वेळा दाबलं, सगळी बटणं दाबली. बहिऱ्याच्या दारात उभं राहून हाका माराव्यात तसं.

घोलप भाऊसाहेब टीं टीं ऐकून धावत आले. "बंद करून चालू करा की! आमचा रेडिओ असाच करतो." आणि त्यांचा हात बटणाकडं गेला.

मी त्यांचं मनगट धरलं. वडिलांच्या वयाच्या माणसाचं मनगट. "नको, भाऊसाहेब! हे बंद केलं तर आत बाजूला ठेवलेल्या ओव्या जातील. साठवलेलं नाही अजून."

"मग कॅसेट?"

मी रिकाम्या टेपरेकॉर्डरकडं बोट केलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग फाटकाकडं, जिथनं जीप गेली होती. "आरं तिच्या," ते हळूच म्हणाले.

फोन एकच होता, मैदानापलीकडं ऑफिसात. भाऊसाहेब म्हणाले, तुम्ही मशीनपाशी बसा, कुणी हात लावू नये म्हणून. मशीन बसवणाऱ्या पुण्याच्या इंजिनियरला मी लावतो. त्या दिवशी लाईनीत चुलीत ओली लाकडं जळावीत तशी खरखर होती. पाऊण तासानं ते हसत परत आले.

"काम फत्ते! माणूस पाठवला त्यांनी. एस.टी.नं टी. वाय. साने येतायत. आधी कंट्रोलला जायचं, त्यांना घ्यायचं. मी म्हटलं, पुन्हा सांगा. तर म्हणाले, परत कंट्रोलला. म्हंजे पयल्या गाडीला आले न्हाईत तर परत बघायचं. आणि मग त्यांना रेस्ट. मी रेस्ट हाऊसची दोन नंबरची खोली सांगून पण टाकली."

"पुण्याहून माणूस? इतक्या लवकर कसा येईल?"

"अवो, जवळपास कुठं दौऱ्यावर आसंल. इंजिनियर सोता साईटवर निघालेवते, आता फोन करू नका म्हणाले. चला चला."

म्हणून मी त्या जाळीला कपाळ टेकून उभी होते.

जतची गाडी आली. मी उतरणाऱ्या एकेकाला अडवलं. "तुम्ही साने का?" एका मिलिटरीवाल्यानं "साने नाही, सावंत चालतील का?" म्हणून दात काढले. एका म्हातारबांनी मला आशीर्वाद दिला. सांगोला गाडी आली, तिच्यात कोंबड्या जास्त आणि माणसं कमी. शेवटी माझा आवाज फुटायला लागला. कंट्रोलच्या काकांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी न सांगता पाचव्यांदा माईक उचलला. "टी. वाय.! अहो टी. वाय.! आहात का कुठं?"

फलाटाच्या टोकाच्या बाकावरून एक बाई उठल्या. साठीच्या पुढच्या. पांढऱ्यावर बारीक निळे ठिपके असलेलं पातळ, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी, नाकावर जाड चष्मा. बराच वेळ तिथंच बसलेल्या असाव्यात. त्या सावकाश आमच्यापाशी आल्या, भाऊसाहेबांच्या छातीवरचा पुठ्ठा वाचला, मग माझं तोंड वाचलं. हो, वाचलंच म्हणायला हवं.

"काय झालं, पोरी?"

"तुम्ही साने? टी. वाय. साने?"

त्या क्षणभर थांबल्या. "बोल तर खरं. काय झालंय?"

मला रडूच आलं. सगळं एका दमात सांगितलं. धोंडाबाई, कॅसेट, 'झालं', मांडीवरचं विणकाम, चौकटी, फोनवरचा निरोप, चार वाजता जाणारी वीज. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. फक्त घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "माझ्या गाडीला पावणेपाचपर्यंत वेळ आहे. चला, बघू."

टांग्यात भाऊसाहेबांची जीभ सुटली. "बाईमाणूस इंजिनियर, म्हंजे कमालच. पण टी म्हंजे काय हो?"

"टी म्हणजे तार," त्या म्हणाल्या, आणि गालात हसल्या.

"तारा. वा! आणि वाय?"

"बाईमाणसाला वय विचारू नये, भाऊसाहेब."

भाऊसाहेब इतके लाजले, की कॉलेजचं फाटक येईपर्यंत टांगेवाल्याच्या घोड्याकडं बघत बसले.

खोलीत आल्यावर त्या टर्मिनलसमोर उभ्या राहिल्या. पडद्यावरच्या चौकटी बघितल्या. कीबोर्डवरून एक बोट असं फिरवलं, जसं ओळखीच्या लेकराच्या केसांतनं फिरवावं. मला वाटलं, आता या काहीतरी दाबतील आणि सगळं सुरळीत होईल.

"मला यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या.

भाऊसाहेबांच्या हातातला चहाचा कप बशीत वाजला.

"म्हंजे? पुण्याच्या इंजिनियरनं..."

"मला कुणी पाठवलेलं नाही. मी तार ऑफिसात होते. बत्तीस वर्षं. आधी मोर्सचं कट्ट-कडकट्ट, मग टेलिप्रिंटर. आता रिटायर." त्या खुर्चीवर बसल्या. "पण भाऊसाहेब, तुमचा निरोप स्टँडपासून माझ्या डोक्यात खटकतोय. मला तो मूळ दाखवा. सांगितलेला नको. लिहिलेला."

"त्यात काय बघायचंय?"

"दाखवा तर."

त्यांनी खिशातनं चिठ्ठी काढली. हेडक्लार्कच तो, कागद टाकणार थोडाच. बाईंनी ती चष्म्याजवळ धरली. बराच वेळ. भिंतीवर तीन वीस झाले होते.

"हे 'साने' त्यांनी असं म्हणून सांगितलं? साने म्हणून?"

"न्हाई, अक्षरं सांगितली. खरखर होती ना. एस, ए, एन, ई. साने. दुसरं काय हुणार त्याचं?"

"आणि त्याच्या आधी? 'एस.टी.नं टी. वाय.' असं म्हणाले?"

"एस, टी, टी, वाय. एस.टी.नं, टी. वाय. 'नं' मी घातलं. अर्थ लागायला नको का?"

बाईंनी चिठ्ठी मांडीवर ठेवली आणि चष्मा काढून पदरानं पुसला. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, आवाज न करता.

"भाऊसाहेब, रागावू नका. पण त्या माणसानं तुम्हाला अक्षरं पाठवली, आणि तुम्ही त्यांची माणसं केलीत. चार अक्षरांचा एक शब्द, चार अक्षरांचा दुसरा. एस टी टी वाय. मध्ये जागा. एस ए एन ई. यात ना गाडी आहे, ना कुणी साने."

त्यांनी मांडीवरची चिठ्ठी पुन्हा उचलली.

"आणि 'कंट्रोलला जाणे'? 'जाणे' म्हणाले की आणखी काही?"

"'कंट्रोल जे' म्हणाले. मी म्हटलं पुण्याची बोली आसंल."

माझं लक्ष कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यावर गेलं. कंट्रोल. रोज माझ्या करंगळीखाली असणारं बटण. आणि जे, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली. एंटर बहिरं झालं होतं, म्हणून त्या माणसानं एंटरच्या जागी दुसरं दार सांगितलं होतं.

"बाई!" मी ओरडलेच. "हा निरोप नाही. हा टर्मिनल शुद्धीवर आणायचा हुकूम आहे, मला टाईप करायला सांगितलाय!"

"आत्ता पोचली तार," त्या म्हणाल्या. "शेवटचं 'रेस्ट' काय आहे, भाऊसाहेब? नीट आठवा. किती अक्षरं सांगितली?"

भाऊसाहेबांनी डोळे मिटले. बोटं मोजली. "आर, ई, एस... मग ई... मग टी. पाच. मला वाटलं त्यांनी ई दोनदा म्हटलं चुकून. रेसेट. रिसेट." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आणि मी दोन नंबरची खोली झाडून घ्यायला लावली!"

मी कीबोर्डवर हात ठेवले. पहिलं बटण दाबलं, पडद्यावर काही नाही. दुसरं दाबलं, काही नाही. मी थांबले.

"काय झालं?"

"उमटत नाहीये. मी काय दाबलं ते मलाच दिसत नाहीये, बाई."

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. आवाज खाली आणला. "बत्तीस वर्षांत मी पाठवलेली एकही तार मला पलीकडं उमटलेली दिसली नाही, पोरी. कुणाच्या घरी लेक जन्मली, कुणाचा बाप गेला, सगळं या बोटांनी इथून गेलं, आणि पलीकडचं टेबल मी कधी बघितलं नाही. दिसत नाही म्हणजे पोचत नाही असं नसतं. तुझं मशीन मुकं झालंय, बहिरं नाही. तू म्हण अक्षरं, मी मोजते. मागं बघू नको."

त्यांनी टेबलावर पेन्सिल धरली. मी एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायची, दाबायची, आणि प्रत्येकाला त्या पेन्सिलीनं एक ठोका द्यायच्या.

"कंट्रोल जे." टक. "एस." टक. "टी." टक. "टी." टक. "वाय." टक. "एस." टक. "ए." टक...

शेवटचं कंट्रोल जे दाबलं. काहीच झालं नाही. तीन सदतीस.

"दोन शब्दांत जागा सोडलीस?"

मी आठवलं. सोडली नव्हती.

"मग त्याला एकाच शब्दाची तार गेली, तीसुद्धा चुकलेली. परत. जागेलाही बटण आहे, जागेलाही ठोका आहे. आमच्याकडं जागा ही अक्षराइतकीच खरी असायची."

पुन्हा. भाऊसाहेब दाराशी हात जोडून उभे होते, कुठल्या देवाला ते कळलं नाही. एस, टी, टी, वाय. जागा. टक. एस, ए, एन, ई. कंट्रोल जे.

ठिपका हलला. नुसता हलला नाही, ओळ सोडून खाली आला, डावीकडं जाऊन शहाण्या मुलासारखा उभा राहिला. मी एक अक्षर दाबलं, ते उमटलं. चौकटीच्या रूपात, पण उमटलं. बोललं मशीन. बोबडं का होईना.

"आता पाच अक्षरं," बाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज जरा चढला होता.

आर, ई, एस, ई, टी. कंट्रोल जे. पडदा एकदा थरथरला आणि कोरा झाला. सगळा. चौकटी गेल्या, फुल्या गेल्या, वरच्या कोपऱ्यात तो एवढासा ठिपका लुकलुकत होता, बाकी पावसाआधीच्या माळासारखा रिकामा.

"गेलं," मी म्हणाले. "सगळं पुसलं. धोंडाबाई गेली."

भाऊसाहेब मटकन खुर्चीत बसले. पेन्सिलीचा ठोका मात्र थांबला नव्हता. अगदी हळू, टक, टक. "तू म्हणालीस, विणकाम मांडीवर ठेवून दार उघडायला गेलीस. दार लागलं. आता विणकाम उचल की."

मी विसरलेच होते. बाजूला ठेवलेला प्रोग्रॅम पुढं बोलवायला दोन अक्षरं लागतात. एफ, जी. आणि एंटर. या खेपेला साधं एंटर, आणि ते ऐकू गेलं.

आधी एक ओळ आली. मग दुसरी. मग खालपर्यंत भरत गेलं. कानेमात्रे, वेलांट्या, सगळी अक्षरं आपापल्या जागी, जसं पाण्याखालनं गाव वर यावं. मी नाव-बिव ठरवलं नाही. 'धोंडा' एवढंच दाबलं आणि साठवलं. मग परत साठवलं. मग तिसऱ्यांदा.

बाई पडद्याकडं वाकल्या होत्या. चष्मा कपाळावर. त्या वाचत होत्या, ओठ हलवत, तिथल्या ओळी:

तारंचा गं खांब, गुणगुणतो माळाला
बंधू बोलतो लांबून, न्हाई कळत गावाला

तारंच्या खांबाला, कान लावते जाताना
माझ्या बंधूचा निरोप, वाऱ्यासंगं गं येताना

"ही मेंढरंवाली?" त्यांनी विचारलं.

"हो. तिचा भाऊ लहानपणीच कुठं मुंबईकडं गेला, परत आला नाही. ती माळावरच्या तारेच्या खांबांना कान लावायची म्हणे. आयुष्यभर."

बाईंचं बोट पडद्यावर त्या ओळीखाली ठेवलेलं तसंच होतं. "आम्ही आत बसून ठोकत होतो," त्या म्हणाल्या, "बाहेर कुणी ऐकतंय हे कुणी सांगितलंच नाही."

चार वाजले. वीज गेली. पंखा थांबला, पडदा मिटला, खोलीत अंधारून आलं. आणि मी जागची उठलेसुद्धा नाही. आतमध्ये होती ती. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस.

भाऊसाहेब खाकरले. "पण बाई, एक सांगा. तिकडनं कुणी साने पाठवलेच न्हाईत, तरी स्टँडवर साने होत्याच. हे कसं काय?"

"साने काय थोडे आहेत जगात?" त्या म्हणाल्या. "चला, माझी वडूज गाडी चुकेल. बहीण वाट बघत असेल."

भाऊसाहेबांनी त्यांना रेस्ट हाऊसवर निदान हात-पाय धुऊन जा म्हणून फार आग्रह केला. खोली झाडली होती ना. त्या हसून नको म्हणाल्या. शेवटी भाऊसाहेबांनी तो पुठ्ठा घडी करून बाईंच्या पिशवीत घातला, आठवण म्हणून, आणि दोन्ही हात जोडून खाली वाकले. हेडक्लार्क घोलपांना मी प्राचार्यांपुढंसुद्धा इतकं वाकलेलं बघितलं नव्हतं.

स्टँडवर मी एकटीच त्यांना सोडायला गेले. गाडी लागलेली होती. त्यांना खिडकीशी जागा मिळाली. धन्यवाद हा शब्द भाषणातला. तो तोंडातनं निघाला असता तर मलाच परका वाटला असता. मी खिडकीचा गज धरून उभी राहिले आणि म्हणाले, "बाई, आमच्या प्रत्येक फाईलीच्या डोक्यावर आम्ही लिहितो, गाणारी कोण, गाव कुठलं, लिहून घेणारी कोण. धोंडाबाईच्या फाईलीत मी आणखी एक ओळ घालणार आहे. पुढं पुस्तक होईल तेव्हा छापूनच येईल ती. 'राखणारी' म्हणून. तुमचं पूर्ण नाव सांगा. तारा काय साने?"

त्यांनी पटकन मान फिरवली. समोरच्या सीटच्या पत्र्याकडं बघत राहिल्या.

"नको लिहू."

"का नको? तुम्ही नसता तर..."

"नुसतं 'एक बाई' लिही."

"एका बाईनं नाही राखलं. तुम्ही राखलं. मी साने लिहिणार, टी. वाय. साने. पुठ्ठ्यावर आहे तसंच."

कंडक्टरनं घंटी मारली. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, खिडकीचे गज माझ्या मुठीत थरथरायला लागले. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. सुकलेला, हलका, बोटांची टोकं मात्र टणक.

"चुकीच्या नावावर तार द्यायची नसते, बाळ," त्या म्हणाल्या. गाडी हलली होती, मी बरोबर चालायला लागले. "'साने' पुकारत होते तोवर मी बसूनच होते. माझं नव्हतंच ते. पण त्या पाचव्या वेळी त्यांनी नुसतं 'टी. वाय.' म्हणून हाक मारली. बत्तीस वर्षं ऑफिसात मला त्याच नावानं हाक होती. टी. वाय., सांगलीची लाईन घ्या, टी. वाय., तार आलीय. रिटायर झाल्यापासून कुणी मारली नाही. आणि उठून बघते, तर तू उभी. तेव्हा नाही म्हणवेना."

मी धावत होते. फुफाटा, धूर, कोपऱ्यावरचा उसाचा गाडा. त्या खिडकीतनं बाहेर वाकल्या आणि, टेबलावर पेन्सिल आपटत होत्या तशा, प्रत्येक शब्द सुटा करून ओरडल्या,

"लिही. ताहेरा. याकूब. शिकलगार."